चौथ्या मजल्यावरच्या नळाचं पाणी

भनपुरी, रायपूर
गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रिय रुचिता,

आपलं भनपुरीचं घर एक लाख चाळीस हजारांत पडलं, असं मी गेली सत्तावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तुझ्या लग्नात यशदीपच्या मामालाही तेच सांगितलं. खरा आकडा आज पहिल्यांदा लिहितो आहे. एक लाख चाळीस हजार घरमालकाला. चौदा हजार रजिस्ट्रीला. तीन हजार दलालाला, ज्यानं मोठ्या ऐटीत मला अंगणातला नळ दाखवला होता आणि त्या नळाला खाली लाईनच जोडलेली नव्हती. बावीस हजारांचा पहिला बोअर, एकशे ऐंशी फुटांवर कोरडा. अडतीस हजारांचा दुसरा. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी चुलीपर्यंत यायचं म्हणून मुरूम टाकून जोतं उचललं, ते सव्वीस हजार. झाले दोन लाख त्रेचाळीस हजार. यात तुझ्या आईची मोडलेली सोन्याची एकदाणी धरलेली नाही, आणि दुसरा बोअर लागेपर्यंत तीन वर्षं तिनं हँडपंपावरून किती गुंड पाणी वाहिलं ते मी मोजलेलं नाही. तिचा उजवा खांदा काहून दुखतो, असं तू डॉक्टरला विचारत होतीस ना, त्याला विचारायची गरज नव्हती.

तुला वाटेल, पापांना आज झालं काय, चांगला फोन असताना चिठ्ठी काहून लिहून राहिले. कारण आहे, येतो त्याच्यावर. दुकानात बसून लिहितो आहे. समोर एका राईस मिलची मोटर उघडी पडली आहे आणि तिचा मालक दोनदा येऊन गेला. तुला मराठी वाचता येते हे मला ठाऊक आहे. बोलतानाच तेवढी तू हिंदीत पळतेस. तेव्हा सावकाश वाच. जेवण झाल्यावर वाच, आणि यशदीपला नंतर दे, आधी तू एकटी वाच.

आधी पैशाचं बोलू, कारण ते सोपं आहे. तुम्ही घेताय तो फ्लॅट अडतीस लाखांचा. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, हप्ता सव्वीस हजारांच्या वर थोडा. तुमच्या दोघांचा मिळून पगार हातात येतो अडुसष्ट हजार. यशदीप म्हणाला, पापाजी, तात्यापाऱ्यात नऊ हजार भाडं देतो ते पानी में जा रहा है. मी तेव्हा हसलो. पण बाळा, भाड्याच्या घरात मोटर जळली तर तिचा खर्च मालक भरतो, आणि नोकरी गेली तर महिन्याच्या नोटिशीवर माणूस लहान खोलीत जाऊ शकतो. हप्त्याला नोटीस देता येत नाही. सिलतऱ्याला यशदीपच्या प्लांटनं मागच्या वर्षी ओव्हरटाइम बंद केला तेव्हा तुम्ही दोन महिने गाडीचा हप्ता कसा भरला, ते तू आईला सांगितलंस आणि आईनं मला. तुम्हाला वाटतं म्हाताऱ्याला काही ऐकू जात नाही. सगळं ऐकू जातं. म्हणून सांगतो, घर कोणतंही घ्या, पण सहा हप्त्यांचे पैसे बँकेत बाजूला पडलेले असल्याशिवाय सही करू नका, आणि यशदीपचा पीएफ मोडू नका. माझ्या माहितीप्रमाणे तो मोडायचा विचार चालू आहे. फर्निचरसाठी वेगळं कर्ज तर अजिबात नको. लोखंडी पलंगावर मी वीस वर्षं झोपलो, माझी पाठ यशदीपपेक्षा बरी आहे.

आणि क्षेत्रफळ. कागदावर अकराशे चाळीस फूट आहेत. मी बिल्डिंगच्या सेल्सवाल्या राकेशनं दिलेल्या रंगीत नकाशावर पट्टी ठेवून खोल्या जोडल्या, आठशे तीसच्या वर जात नाहीत. बाकी जिना, लिफ्ट, भिंती आणि बिल्डिंगच्या मालकाचा आशावाद. मॉड्युलर किचन फुकट देतो म्हणतात ते तिथूनच निघालं.

हे सगळं मी रविवारी बोलू शकलो असतो. बोललो नाही.

रविवारचं सांगतो. तुम्ही मला साइट दाखवायला नेलं. तोपर्यंत मला एवढंच माहीत होतं की बिल्डिंग सिलतऱ्याच्या अलीकडे आहे, चार मजली आहे आणि तुम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथं एक लाख टोकन भरलं. चांगला दिवस पाहून भरलं, मला अभिमान वाटला. गाडी वळली, पिवळं गेट दिसलं, आणि मी उतरलो नाही. तुझी आई म्हणाली, "काहून जी, उतरून नाही राहिले? पोरीचं घर आहे." मी म्हटलं गुडघा दुखून राहिला, चार जिने नाही चढणार. ती म्हणाली, "लिफ्ट आहे म्हणते ना ते." मी म्हटलं लिफ्टमध्ये मला घाबरल्यासारखं होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली, कारण मागच्याच महिन्यात मी मॉलमध्ये चार वेळा लिफ्टनं वरखाली करून आलो होतो, निव्वळ मोटरचा आवाज आवडला म्हणून.

तर मी गाडीत बसलो आणि तुम्ही वर गेलात. राकेशचं बोलणं मला खालपर्यंत ऐकू येत होतं. सेल्सवाल्याला आवाज असतोच. "आंटी, नल खोलके देखिए. चौथा माला है, प्रेशर देखिए. बोरिंग का पानी है, चौबीस घंटे." आणि मग तुझ्या आईनं तेच केलं जे तिची आई करायची, आजी करायची, जे आपल्याकडे तुमसरपासून इथपर्यंत सगळ्या बाया करतात. पिशवीतून बाटली काढली आणि पाणी भरून घेतलं. राकेश हसला असेल. त्याला काय माहीत, आपल्याकडे घर पसंत करायची ही पद्धत आहे. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजवायची. दडस राहिली तर पाणी जड, घर नको. गळली तर घर चांगलं.

संध्याकाळी भीमाबाईनं, तुझ्या आईनं, डाळ कुकरला लावलीच नाही, पातेल्यात लावली, नीट कळावं म्हणून. पाऊण तासात डाळ लोण्यासारखी झाली. तिनं ती मला दोन वेळा वाढली. म्हणाली, "पाहा, कशी गळली. मले त पसंत आहे घर. पोरीले माझ्यासारखं पाणी नाही वाहा लागणार." आणि तुला लगेच फोन लावून सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो. तुझा आवाज फोनमधून बाहेर येत होता, तू खूश होतीस. मग यशदीपनं फोन घेतला आणि माझ्याशी बोलला, "पापाजी, आप तो मोटर सुनके पूरा हिसाब बता देते हो. पानी का क्या लगा?" आणि मी म्हटलं, "हव, ठीक आहे."

ठीक नाही, रुचिता. ती डाळ बोअरच्या पाण्यात शिजली नाही. ती टँकरच्या पाण्यात शिजली. त्या बिल्डिंगच्या वरच्या टाकीत पहाटे दोन टँकर रिकामे होतात आणि राकेश जे पाणी दाखवतो ते तेच. त्या बोअरचं पाणी खरोखर बाटलीत भरलं असतं तर आईची डाळ दोन तास पातेल्यात खडखडत राहिली असती. तिची पद्धत चुकीची नाही. फक्त तिच्या आजीच्या काळात कोणी डाळीला फसवायला टँकर मागवत नव्हतं.

आता तू विचारशील, गाडीत बसून पापांना हे कसं कळलं. मी काच खाली केली आणि ऐकलं. तुला माझे कान माहीत आहेत. एकोणिसाव्या वर्षी भनपुरीत दुसऱ्याच्या दुकानात तार गुंडाळायला बसलो तेव्हापासून मी मोटरी ऐकतो आहे. सबमर्सिबल तर जमिनीखाली सहाशे फुटांवर असते, ती कोणाला दिसत नाही. पण वरचा पाइप बोलतो. पाणी भरून येत असलं की तो जड, एकसारखा घुमतो. पाणी संपत आलं की खोकतो, मग फस् फस् हवा सोडतो, आणि मोटर हलकी होऊन पळायला लागते, ओझं उतरलेल्या बैलासारखी. सिलतऱ्याच्या एका प्लांटात तीन इंजिनिअर मीटर लावून बसले होते, मी जिन्यातूनच सांगितलं होतं की मागचं बेअरिंग गेलं. उघडलं, गेलंच होतं. या शहरातली कोणतीही मोटर मला पाच मिनिटं ऐकू द्या, मी तिच्या बोअरची कुंडली मांडून देतो. माझ्यापासून कोरडा बोअर कोणी लपवू शकलेलं नाही.

तर त्या बोअरची कुंडली अशी आहे. खोली सहाशे वीस फूट. वीस मिनिटं पाणी, मग चार तास हवा. हे आता, पावसाळा नुकताच सरलेला असताना. मे महिन्यात काय होईल ते तूच समज. आणि एवढ्यावर चोवीस फ्लॅट. एका घराला दिवसाला पाचशे लिटर धर, म्हणजे बारा हजार लिटर, म्हणजे रोज अडीच टँकर. आजचा भाव धरला तर एका घराच्या वाट्याला महिन्याला एकवीसशे रुपये पडतात, उन्हाळ्यात भाव वाढतो तो वेगळा. हप्ता भरायची वीस वर्षं धर. पाच लाख चार हजार. हे पाच लाख तुमच्या अडतीस लाखांत कुठंही लिहिलेले नाहीत, आणि बँकेचा माणूस ते शोधायला येणार नाही, तो कागद पाहतो. अडतीस लाखांचा फ्लॅट तुम्हाला रजिस्ट्री आणि पाणी धरून पंचेचाळीसच्या पुढे जाईल, आणि पाणी तरीही टँकरवाल्याच्या मर्जीवर. त्याच्या घरी लग्न असलं की तुमची आंघोळ नाही. नळाची लाईन येणार आहे असं त्यांच्या पुस्तिकेत छापलं आहे. करारात छापलं आहे का, ते पाहा. मी चष्मा लावून दोनदा वाचला. करारात पाण्याबद्दल एवढंच आहे की सोय सोसायटी आपल्या खर्चानं पाहील. सोसायटी म्हणजे तुम्हीच.

रविवारपासून माझं कशात लक्ष नाही. ही जी मोटर उघडी पडली आहे तिच्यात तारेचे वेढे मोजून घालायचे असतात, आणि मी तीन वेळा मोजणी विसरलो. सदतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मंगळवारी गुंडाळलेलं सगळं उकलून टाकलं. तुझी आई म्हणते शुगर वाढली असेल, रक्त दाखवा. काल ती सोनाराकडे जाऊन आली. तुला सांगू नको म्हणाली, पण सांगतो: बांगड्या मोडून तुला गृहप्रवेशाला वॉशिंग मशीन घेणार आहे. मोठं, पूर्ण ऑटोमॅटिक, जे एका वेळी शंभर लिटर पाणी पितं. मी जेवता जेवता उठलो. तिला वाटलं डाळ बिघडली.

शनिवारी करार आहे. टोकन धरून आठ लाख भरायचे आहेत, ते तुमच्या दोघांचे नऊ वर्षांचे आहेत. मी रोज ठरवतो फोन करीन, रोज नंबर काढतो, आणि तू "हां पापा, बोलो ना" म्हणालीस की हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. बुधवारी तू सरळ विचारलंस, "पापा, आपको घर पसंद नहीं आया क्या? सच बोलो." मी म्हटलं, नाही गं, मस्त आहे. तुझा आवाज थोडा उतरला होता. तुला कळलं होतं काहीतरी आहे. माझीच पोट्टी आहेस, कान माझेच आहेत.

तर आता सच बोलतो. शनिवारी सही करू नकोस. जाऊ नकोस म्हणत नाही, जा, आणि राकेशला म्हण की आम्ही बसलेलो असताना बोअर सलग एक तास चालवून दाखवा, वरची टाकी बंद ठेवून. फक्त एवढंच म्हण. भांडू नकोस. तो चहा मागवेल, मालकाला फोन लावेल, आज लाईट नाही म्हणेल. तुला उत्तर मिळेल. टोकनच्या पावतीवर परत मिळणार नाही असं लिहिलेलं आहे. त्या एका लाखाची चिंता करू नकोस, तो माझ्याकडून घे. उपकार म्हणून देत नाही, त्याचंही कारण पुढे आहे. तात्यापाऱ्याच्या दोन खोल्यांत अजून एक वर्ष काढा. घर मे महिन्यात पाहायचं, दुपारी, सगळं सुकलेलं असताना, आणि राकेशला नाही तर तिथं आधीपासून राहणाऱ्या बाईला विचारायचं. ती नळ उघडून दाखवणार नाही, बादल्या किती भरून ठेवल्या आहेत ते दाखवेल. तेव्हा मी येईन. गाडीतून उतरेन.

यशदीप चिडेल. त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी तिथंच बुक केलं आहे, आता माघार घेतली तर काय म्हणतील, असं त्याला वाटेल. त्याला वाटू दे. त्या दोघांचंही मला बोलायचं आहे, कारण राकेश मोठ्यानं सांगत होता की चोवीसपैकी सतरा गेले. सतरा घरं, रुचिता. त्यांतल्या कोणाकोणाच्या आईनं बाटली भरून नेली असेल आणि संध्याकाळी डाळ गळली म्हणून फोन केला असेल.

फोन न करता कागद काहून लिहिला, ते आता सांगतो. फोनवरचं बोलणं कोणाला दाखवता येत नाही. हा कागद दाखवता येतो. यशदीपला दाखव, त्याच्या ऑफिसातल्या दोघांना दाखव, वाटलं तर बँकेत आणि त्या सतरा घरांनाही दाखव. माझं काय होईल याचा विचार तू करू नकोस. त्या मालकाच्या तीन साइटचं काम माझ्याकडे आहे, ते जाईल, आणि भनपुरीत लोक चार दिवस बोलतील. तुझ्या आईला मी स्वतः सांगेन, उद्या सकाळी, ती सोनाराकडे दुसऱ्यांदा जायच्या आधी. तर मी, लहानू सोमा रंगारी, रंगारी मोटर वाइंडिंग, भनपुरी, लिहून देतो की १९ सप्टेंबरला त्या बिल्डिंगच्या बोअरवर टायमर मी बसवला. मालक म्हणाला होता, रविवारी दहा ते दोन पाइपाचा आवाज नको, गिऱ्हाईक येतात. काहून नको, ते मी विचारलं नाही. पाइपाला हात लावला तेव्हाच मला कळलं होतं. खोली आणि पहाटेचे दोन टँकर त्यानंच सांगितले, वीस मिनिटं आणि चार तास मी घड्याळ लावून मोजले, आणि साडेसहा हजार घेऊन घरी आलो. पोट्टी माझी तिथं राहायला जाणार आहे हे मला माहीत नव्हतं, पण कोणाची तरी जाणार हे माहीत होतं. रविवारी गाडीत मी खाली वाकून बसलो ते राकेशनं ओळखू नये म्हणून. काच खाली करून ऐकलं असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. मला मोटरचं काही ऐकू आलं नाही. साडेअकरा वाजले होते, मोटर बंद होती.

तुझाच, जसा आहे तसा,
पापा